दुसरा प्रश्न द्या

“बोला ना मॅडम,” बोडस सर म्हणाले. “डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोला. चुकलं तरी चालेल.”

मी हातातल्या मार्करचं टोपण काढत होते, लावत होते. पांढऱ्या फळ्यावर माझ्याच अक्षरात एक प्रोग्रॅम लिहिलेला होता. स्वच्छ, कुठेही खाडाखोड नाही. आकड्यांची एक यादी दिली आहे, तिच्यातले कोणते दोन आकडे मिळवले की सांगितलेली बेरीज येते ते शोधा, असा प्रश्न होता. तो मी एका दमात लिहून काढला होता. सर खूशही झाले होते. मग त्यांनी सहज विचारलं, “आता समजा, ही यादी आधीच चढत्या क्रमानं लावून दिलीय. मग याहून सोपं काही करता येईल?”

एवढंच. एक अट बदलली आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. काचेच्या भिंतीपलीकडून कुणीतरी चहाचा कप घेऊन गेलं. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

“काय विचार करताय तेवढं तरी सांगा.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला जास्त रडू येत होतं.

“काही नाही, सर,” मी म्हणाले. तेही त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण ते कान पुढे करून वाकले.

कंपनीतल्या त्या इंटरव्ह्यूला आता बरीच वर्षं झाली. मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे, चूक सापडली की कळवायची. स्वतः लिहायची वेळ कधी आली नव्हती. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या मुख्य ऑफिसातून निरोप आला की हे काम आता माणसांकडून करून घेणार नाहीत. ज्यांना राहायचंय त्यांनी कोडिंगचा इंटरव्ह्यू द्यायचा. संधी दोन. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर दिवाळीनंतर यायचं नाही.

आमच्या यांचा छापखाना तेव्हा जवळजवळ बसला होता. लग्नपत्रिकासुद्धा लोक मोबाइलवर पाठवायला लागले होते. घर माझ्या पगारावर चाललं होतं, पण तसं घरात कुणी बोलून दाखवत नसे. इंटरव्ह्यूच्या त्या संध्याकाळी यांनी फक्त विचारलं, “झालं ना गं नीट?”

“अजून एकदा देता येतो,” मी म्हटलं.

त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि चपला घालून बाहेर गेले.

ज्योत्स्ना खैरनार ऑफिसात माझ्या शेजारी बसायची. सटाण्याकडची. बोलायला लागली की पलीकडच्या खोलीतली माणसं माना वर करून बघत. घरी आई आणि शिकणारी धाकटी बहीण, दोघींची जबाबदारी हिच्यावर. तीही पहिल्या खेपेला नापास झाली होती, पण तिचं दुखणं माझ्या उलट होतं. इतकी बोलली, इतक्या वाटा धरल्या आणि सोडल्या, की वेळच संपून गेला.

“तुझं काय झालं?” दुसऱ्या दिवशी डबा उघडताना तिनं विचारलं.

“अट बदलली त्यांनी.”

“मग?”

“मग काही नाही.”

“तयारी कशी करतेस तू? मला दाखव.”

मी तिला पर्समधली वही दाखवली. रोज सकाळी पूजा आटोपली की मी एकेक प्रश्न घेऊन त्याचं उत्तर अकरा वेळा लिहून काढत असे. सुंदर अक्षरात, समास सोडून. ज्योत्स्नानं पानं उलटली आणि तिचा घास हातातच राहिला.

“सुमेधा, तू हे पाठ करतेस?”

“आम्ही लिखित जप करतो ना, तसं. लिहून लिहून मुरतं.”

“अगं माझे आई! देवाचं नाव बदलत नाही. हे लोक बदलतात!” पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वही मिटून माझ्याकडे सरकवली. “आता इथे कर. एक नवीन प्रश्न सांगते. माझ्यासमोर, मोठ्यानं.”

तिनं प्रश्न सांगितला. मी डोळे मिटून बसले.

“बोल.”

“विचार करतेय.”

“मोठ्यानं कर.”

“पूर्ण कळलं की बोलते.”

“पूर्ण कळल्यावर बोलायला उरतंच काय? हे बघ, सकाळी पूजेपर्यंत तुझं मौन असतं, ते माहितेय मला. पण तू ते ऑफिसातपण घेऊन येतेस, बोलायचं सगळं मला पडतं, आणि पगार दोघींना सारखाच मिळतो.”

मी हसले, पण आतून हलले होते. कारण तिला माहीत नसलेली एक गोष्ट होती. मला चुकीचं काही मोठ्यानं बोलताच येत नव्हतं. आम्ही लहान असताना दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे आम्हा तिघी बहिणींना देवापुढे बसवून स्तोत्रं म्हणून घेत. एखादा ऱ्हस्व दीर्घ झाला, एखादा शब्द मागेपुढे झाला, की ते रागावत नसत. नुसता हात वर करत. त्याचा अर्थ, पुन्हा पहिल्यापासून. चुकलेलं देवापर्यंत पोचत नाही, असं ते म्हणत. मी तिघींत धाकटी, आणि मला दूध प्यायची घाई असे. तेव्हापासून मी एक युक्ती शिकले होते: खात्री नसेल तर तोंडच उघडायचं नाही.

दुसरा इंटरव्ह्यू गणपती झाल्यावर होता. आषाढ असाच गेला. रोज ज्योत्स्ना डब्याच्या वेळी एक प्रश्न घालायची आणि रोज मी गप्प व्हायचे. घरी येताना बसच्या खिडकीशी बसून जप करावा तर मण्यांवर बोटं फिरायची आणि मनात मात्र एकच यायचं, दिवाळीनंतर काय. कधी कधी वाटायचं, देवापाशी मागावं. पण आजवर नोकरीसाठी असं काही मागितलं नव्हतं, आणि मागायला लागले तर कुठे थांबेन याचीच भीती वाटे.

श्रावणातल्या एका शुक्रवारची गोष्ट. आमच्याकडे श्रावणात कहाणी वाचतात. ती एकटीनं वाचायची नाही, ऐकणारं कुणीतरी लागतं. मी वाचायची आणि सासूबाईंनी मुठीत तांदूळ धरून ऐकायची, मध्ये मध्ये “हं” म्हणायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी कहाण्यांचं पुस्तक सापडेना. शेजारच्या काकू घेऊन गेल्या होत्या आणि कुलूप लावून मुलीकडे गेल्या होत्या.

“तोंडी सांग,” सासूबाई म्हणाल्या. “तुला पाठच आहे की.”

पाठ होतीच. मी सुरुवात केली आणि निम्म्यावर आल्यावर एक वाक्य निसटलं. मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा त्याच जागी अडले. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा सासूबाईंनी मूठ पाटावर आपटली.

“अगं, नैवेद्य गार होतोय! किती वेळा त्या बिचारीला माहेराहून आणशील?”

“वाक्य आठवत नाहीये, आई.”

“वाक्य मरू दे. पुढे झालं काय, ते आठवतंय ना?”

“ते आठवतंय.”

“मग ते सांग. मला भूक लागलीय.”

मी माझ्या शब्दांत सांगायला लागले. “मग ती म्हातारी दारात आली… नाही, थांबा, आधी नवरा बाहेरगावी गेला, मग म्हातारी आली. नाही, तसंही नाही. नवरा असतानाच आली, म्हणून तर तो रागावला.” सासूबाई “हं” म्हणाल्या. त्यांनी हात वर केला नाही. मी पुढे गेले. दोन ठिकाणी चुकले, मागे आले, दुरुस्त केलं, आणि कहाणी शेवटाला पोचली. त्यांनी तांदूळ देवापुढे वाहिले आणि लगेच पानं घ्यायला उठल्या. त्यांच्या लेखी काहीच विशेष झालं नव्हतं. मी मात्र तिथेच बसून राहिले. चुकतमाकत सांगितलेलं पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. मी पाट घेऊन समोर बसले.

“आई, एक गोष्ट सांगू? ऑफिसातली आहे.”

“कुणाचं लग्न मोडलं?”

“तसली नाही. एक रांग आहे. रांगेत माणसं उभी आहेत, लहानमोठ्या उंचीची. प्रत्येकाला विचारायचंय, तुझ्या पुढे उभा असलेला, तुझ्याहून उंच असा सगळ्यात जवळचा माणूस कोण?”

“कशाला?”

“असंच. प्रश्न आहे.”

“रेशनची रांग आहे का?”

“असेल. तर मी आधी काय करीन, प्रत्येकाजवळ जाऊन पुढे बघत जाईन…”

“दमशील.”

“हो, दमेन. मग असं करता येईल का, की शेवटून सुरुवात करायची… नाही, चुकलं. हां, थांबा.”

“मी कुठे चाललेय?” त्या म्हणाल्या.

त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण मी गप्प झाले की त्या “मग?” म्हणायच्या. सवयीचं “मग”, कहाणीतलं. आणि त्या “मग”ला उत्तर द्यायला मला काहीतरी बोलावंच लागे. कधी त्या मध्येच डुलक्या काढायच्या, तेव्हा मी वातींकडे बघून बोलायचे. कितीदा तरी मला उत्तर मिळायचंच नाही. एकदा तर उत्तराच्या अगदी जवळ आले आणि कुकरची शिट्टी झाली, ती वाट पुन्हा सापडलीच नाही. मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन रडले. पण ज्योत्स्नापुढे आता मी तोंड उघडू लागले होते. हळू, अडखळत. ती म्हणायची, “चुकलंस. पण ऐकू आलं! पेढे वाटू का?”

दुसऱ्या इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्हा दोघींनाच सकाळच्या वेळा दिल्या होत्या. बाकीचे दुपारनंतर. आधी ज्योत्स्ना, मग मी. मी बाहेरच्या खुर्चीत बसून जप करत होते, पण आकडा सारखा चुकत होता. तासाभरानं ज्योत्स्ना बाहेर आली ती लालबुंद होऊन. मला हाताला धरून पाण्याच्या मशीनमागे नेलं.

“झालं! सुटला! ऐक, लवकर ऐक. अक्षरांची एक लांब माळ देतात. तिच्यातला सर्वांत लांब तुकडा शोधायचा, ज्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही.”

“ज्योत्स्ना, नको सांगूस.”

“गप. दोन बोटं ठेवायची माळेवर. पुढचं सरकवत न्यायचं. अक्षर पुन्हा आलं की मागचं बोट उचलून, ते अक्षर आधी जिथे होतं त्याच्या पुढे ठेवायचं. आणि मागचं बोट कधीही मागे न्यायचं नाही, मी तिथेच आपटले दोनदा, शेवटी त्यांच्याच एका उदाहरणानं कळलं. लक्षात राहील? आता रडतेस कशाला? जा!”

आतून “ठोसर मॅडम” अशी हाक आली.

बोडस सर तेच. शेजारी एक तरुण मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. माझी ख्यालीखुशाली विचारून सरांनी प्रश्न पडद्यावर आणला. अक्षरांची माळ.

उत्तर माझ्या तोंडाशी आलं. काहीही न करता आलं, स्तोत्राचा पुढचा चरण येतो तसं. दोन बोटं, पुढचं सरकवायचं, मागचं उचलायचं. हे मला ओळखीचं होतं. पहिल्या वेळी फळ्यापुढे उभी होते तेव्हाही असंच सगळं आपोआप येत होतं, आणि नंतर एक अट बदलली होती. मला दिसलं, की मी हे लिहीन, ते विचारतील “का?”, आणि माझ्याजवळ “का” नाही. ते ज्योत्स्नाजवळ आहे.

आणि समजा त्यांनी विचारलंच नाही, तर? तर नोकरी राहील. घर चालेल. कुणाचं काही जाणार नाही.

“बोला मॅडम,” सर म्हणाले.

“सर,” मी म्हटलं, “हा प्रश्न मला माहीत आहे. दुसरा प्रश्न द्या.”

मुलीनं लॅपटॉपवरून मान वर केली. सर खुर्चीत पुढे सरकले. “माहीत आहे म्हणजे? सरावात केलेला?”

इथे “हो” म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, “नाही.”

“मग कुणी सांगितला?”

मी खाली बघितलं आणि गप्प बसले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसरा प्रश्न दिला.

दिवसभरात होणाऱ्या मीटिंगा, प्रत्येकीची सुरू व्हायची आणि संपायची वेळ. सगळ्या नीट पार पडायच्या तर कमीत कमी किती खोल्या लागतील?

हा मी कधीच पाहिला नव्हता. मी मार्कर उचलला, पण त्याचं टोपण काढायच्या आधीच मला सासूबाईंचं “मग?” ऐकू आल्यासारखं झालं, आणि मी बोलायला लागले.

“आधी सुरू होण्याच्या वेळेप्रमाणे सगळ्या ओळीनं लावते. मग प्रत्येकीच्या आधीची संपली आहे का बघते. संपली नसेल तर एक खोली वाढवते.” मी दोनतीन आकडे फळ्यावर लिहिले. “नाही. चुकलं. फक्त लगेच आधीची बघून चालणार नाही, तिच्याही आधीची अजून चालू असू शकते. म्हणजे सगळ्या मागच्या बघाव्या लागतील. ते फार लांबेल.”

“हं,” सर म्हणाले.

“मग…” मी थांबले. कुठलंच वाक्य येत नव्हतं. “मला हळदीकुंकवासारखं वाटतंय, सर.”

“म्हणजे?”

“बायका येतात, थोडा वेळ बसतात, जातात. बसायला पाट किती मांडायचे, असा प्रश्न आहे. मी दारात उभी राहून बघते. बाई आली, एक पाट वाढवला. बाई उठली, एक पाट मोकळा.” मी बोलता बोलता थांबले, कारण पुढचं मलाच तेव्हा दिसलं. “आणि कोण उठली, याच्याशी मला काही करायचं नाहीये. कुणीतरी उठली, एवढंच पुरे. म्हणजे येण्याच्या वेळा वेगळ्या लावायच्या, जाण्याच्या वेगळ्या. जोड्या लावायचीच गरज नाही!”

“आणि एक उठायला आणि दुसरी यायला एकच गाठ पडली तर?” त्या मुलीनं विचारलं.

“उठणारीला आधी उठू द्यायचं,” मी म्हणाले. “नाहीतर उगीच एक पाट जास्त मांडला जाईल.”

ती हसली. मी लिहायला घेतलं. खाडाखोड झाली, एका जागी खूण उलटी पडली होती, ती सरांनी दाखवल्यावर सुधारली. वेळ संपला तेव्हा फळा बघवत नव्हता इतका बरबटला होता.

बाहेर ज्योत्स्ना वाटच बघत होती. “आला ना तोच?”

“आला.”

“मग? सांगितलंस ना सगळं?”

“दुसरा मागितला.”

ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. “माझं नाव घेतलंस?”

“नाही.”

“विचारलं त्यांनी?”

“विचारलं. मी गप्प बसले.”

तिनं सुस्कारा टाकला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. “जन्मात पहिल्यांदा तुझं गप्प बसणं कुणाच्या कामी आलं बघ!”

आम्ही दोघी हसत होतो तेवढ्यात दार उघडलं. ती मुलगी म्हणाली, “खैरनार मॅडम, जरा पुन्हा आत येता?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या सकाळी माझ्याआधी आत फक्त एकच जण जाऊन आली होती. नाव न घेता मी तिचंच नाव सांगून आले होते.

ज्योत्स्नालाही ते त्याच क्षणी कळलं. ती माझ्याकडे वळली, काही बोलली नाही. ती बोलली नाही, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आत गेली. दार लागलं.

काचेतून दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. सर काहीतरी बोलले. पडद्यावर नवा प्रश्न आला, झाडासारख्या फांद्या फुटलेली एक आकृती. ज्योत्स्ना फळ्याजवळ जाऊन उभी राहिली, मार्कर हातात, पाठ माझ्याकडे. मी वाट बघत होते की आता तिचे हात हवेत फिरायला लागतील, मान हलेल. ती हललीच नाही. एकदा चेहरा वळवला तेव्हा दिसलं, तिचे ओठ मिटलेले होते. सर काहीतरी म्हणाले, बहुधा तेच जे मला म्हणायचे. तिनं मान हलवली. फळा कोरा होता.

मी जपाची माळ हातात घेतली आणि परत ठेवली. तिची आई मला आठवली, संक्रांतीला वाण घेऊन आली होती ती. घरी गेल्यावर ज्योत्स्ना तिला काय सांगेल? माझी मैत्रीण फार सत्यवचनी आहे, असं? मी आत खरं बोलले त्याचा मला पश्चात्ताप नव्हता, तरीपण खुर्चीत बसवत नव्हतं. वेळ जात होता. फळा कोराच होता.

मी उठले आणि दार ढकललं. आयुष्यात कुणाच्या बंद दारातून मी न विचारता आत गेले नव्हते.

“सर, माफ करा. तो पहिला प्रश्न हिनं स्वतः सोडवला आहे. मला सांगताना ही कुठे दोनदा आपटली, तेही सांगत होती. पाठ केलेल्या माणसाला आपटायची जागा ठाऊक नसते. मी पाठ करणारी आहे, मला माहीत आहे. हिनं मला सांगितलं ते चुकलं असेल, पण उत्तर हिचं आहे.”

माझा आवाज त्या खोलीत घुमला. मलाच तो ओळखू आला नाही.

“मॅडम,” बोडस सर शांतपणे म्हणाले, “ते आपटणं आमच्यासमोरच झालंय. सांगणं चुकलंच, ते आम्ही त्यांना बोललोय. पण पेपर फुटला म्हटल्यावर दोघींना नवा प्रश्न द्यायला नको का? तुम्ही बाहेर बसा.”

“हो, सर.” पण मी दारातच उभी राहिले.

ज्योत्स्नानं मागे वळून बघितलं. डोळे भरलेले, नाक लाल. आणि मग तिचा नेहमीचा, पलीकडच्या खोलीत जाणारा आवाज आला, “अगं, जा ना बाई! आधी प्रश्न बदलायला लावतेस, मग सोडवूपण देत नाहीस! हां सर, तर मी काय म्हणत होते… काहीच म्हणत नव्हते. आता म्हणते. हे जे झाड दिलंय ना तुम्ही, त्याच्या मुळापासून सुरू करू की पानांपासून? मुळापासून करते. चुकलं तर परत येते.”

मी दार ओढून घेतलं. काचेपलीकडे तिचे हात फिरायला लागले होते.

ती बाहेर आली तेव्हा घसा बसला होता. माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसली आणि पर्स मधल्या खुर्चीवर ठेवली. आम्ही जेवलो नाही. दुपारी बाकीचे एकेक करून आत गेले आणि आले. मी एकदा पाण्याची बाटली पुढे केली, तिनं घेतली नाही. चहाच्या वेळी बोडस सर कागद घेऊन बाहेर आले आणि नावं वाचली. खैरनार वाचलं. मग दोन दुसरी नावं आली. मी डोळे मिटून घेतले. मग ठोसर वाचलं.

मी डोळे उघडले तेव्हा ज्योत्स्ना समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“तुझा देव मला फार महागात पडतो गं, सुमेधा,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसली.